विनीताचं नाक

छत्रीबागेतल्या त्या गल्लीत सगळ्यांना वाटायचं, पन्नाशीला आल्यावर अभिराम-विनीताच्या प्रेमाला भरतं आलंय. रोज संध्याकाळी सात वाजता अभिराम पलासियातल्या कोचिंग क्लासमध्ये शिकवून यायचा आणि चप्पल काढायच्या आधी उंबऱ्यावर उभा राहून बायकोच्या तोंडाजवळ तोंड न्यायचा. समोरच्या सुलोचनाकाकू तर खिडकीच लावून घ्यायच्या.

प्रेमबिम काही नव्हतं. अभिराम हाऽ करून श्वास सोडायचा, विनीता तो हुंगायची आणि म्हणायची, "पास." मगच तो घरात पाऊल टाकायचा. दारू सोडली त्या दिवशी ही अट त्यानेच घातली होती. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये तो ऐटीत सांगायचा, "आमच्या घराला कुलूप नाही, मिसेसचं नाक आहे." बाईचं नाक होतंच तसं. पूर्वी तो जिन्यात असतानाच तिला सगळं कळायचं. त्या नाकाच्या धाकावर चौदा महिने निघाले.

श्रावणात विनीताला ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. हिंग कळेना, अगरबत्ती कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणारही नाही. त्या संध्याकाळी सांगून टाकायचं तिने ठरवलं होतं. पण अभिराम दारात येऊन उभा राहिला, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा, आणि तिचा धीर झाला नाही. कुलूप मोडलंय हे कळलं तर याचं काय होईल? "पास," ती म्हणाली. मग ते रोजचंच झालं. त्याचे डोळे, चाल, बोलणं ती बारकाईने बघायची आणि तेवढं पुरेल असं स्वतःला समजवायची. पण पिण्यात मुरलेल्या माणसाचे पाय थोडक्याने अडखळत नाहीत. एवढी शहाणी बाई, पण इथे चुकली.

दिवाळीला त्यांची मुलगी संहिता होस्टेलवरून घरी आली. धनत्रयोदशीला सात वाजता अभिराम आला, त्याने हाऽ केलं.

"पास," विनीता हसून म्हणाली.

मागे संहिता पणती घेऊन उभी होती. "आई, मजाक करतेयस का? बाबा पिऊन आलेत. मला इथपर्यंत दारूची बास येतेय!"

विनीताने नवऱ्याकडे बघितलं. त्याची मान खाली होती.

"मला वास येत नाही," ती कशीबशी म्हणाली. "श्रावणातल्या तापापासून."

अभिराम उंबऱ्यावरच मटकन बसला.

"नवरात्रात पहिल्यांदा घेतली," तो म्हणाला. "पूरे रस्ते रडत आलो. म्हटलं, आता विनीता पकडेल, ओरडेल, मीटिंगवाल्यांना फोन लावेल आणि मी वाचेन. म्हणून त्या दिवशी दोनदा हाऽ केलं. आठवतंय?"

तिला आठवत होतं. आज स्वारी खुशीत दिसतेय, असं तिला वाटलं होतं. त्या दिवशी ती नुसतं पास म्हणाली नव्हती, गमतीने डिस्टिंक्शन म्हणाली होती.

"मला वाटलं, तुला समजलंय. पण वाटलं, तू आता माझा नाद सोडलायस. मग दुसऱ्या दिवशी कोणासाठी थांबायचं होतं?"

विनीताच्या काळजाला घरं पडली. ती खाली बसली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि जीव खाऊन श्वास ओढला. मग पुन्हा ओढला. तो तिच्या तोंडावर हाऽ हाऽ करत रडत होता, आणि तिला कसलाच वास येत नव्हता.