बेडकाचं टेबल

धाकट्या दिराला घरात कोणी नावाने हाक मारत नव्हतं. लहानपणी पाण्यातून बाहेर निघायचा नाही म्हणून थोरल्या भावाने त्याला बेडूक म्हटलं, आणि ते नाव असं काही चिकटलं की शाळेतले मास्तरसुद्धा तेच म्हणू लागले. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा हा नाक पुसायचीही अक्कल नसलेला पोरगा होता. सासू आधीच गेलेली. तेव्हा त्याला न्हाऊमाखू घालणं, धपाटे घालणं, आजारपणं काढणं सगळं तिनेच केलं, आणि त्यानेही तिला मनसोक्त छळलं. इतक्या वर्षांत तिच्या कामाबद्दल एक गोड शब्द म्हणून त्याच्या तोंडून निघाला नाही. 'आज मीठ महाग झालंय वाटतं?' असं विचारायचा आणि दोनदा वाढून घ्यायचा.

हा बेडूक मोठेपणी पाणबुड्या झाला यात नवल नव्हतं. पण काम मिळालं ते पोवळ्यांच्या शेतीवर. आता तुम्ही म्हणाल, पोवळ्यांची कसली डोंबलाची शेती! वहिनीही तेच म्हणाली होती. तर समुद्रातली पोवळी मरत चाललीत, म्हणून काही माणसं त्यांचे तुकडे किनाऱ्यावरच्या हौदांत वाढवतात आणि जरा धरले की पुन्हा तळाशी नेऊन खडकावर चिकटवतात. तुकडे कापायचे आणि खाली नेऊन लावायचे, दोन्ही कामं बेडूक करायचा. एकदा खाली असताना पाठीवरच्या नळकांड्यातली हवा संपत आली, तो घाबरला, आणि जिथून थांबत थांबत वर यायचं तिथून एका दमात वर आला. रक्तात हवेचे बुडबुडे झाले आणि पाठीच्या कण्यात अडकले. डॉक्टरांनी हातांची खात्री दिली. पायांचं त्यांनी नावही काढलं नाही.

सुरुवातीचे महिने त्याने भिंतीकडे तोंड करून काढले. जेवणाला नावं ठेवणंसुद्धा बंद केलं. मग एक दिवस शेतीवरच्या मॅडमचा फोन आला. हौदांची टेबलं कमरेइतकी उंच आहेत, चाकाच्या खुर्चीत बसून तुकडे कापता येतील, चिकटवता येतील. 'तुझं टेबल मी कोणाला दिलेलं नाही. हात तयार कर आणि ये.' बस, त्या दिवसापासून गडी बदलला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज सकाळी यायच्या आणि हा घामाघूम होऊन वाळूच्या पिशव्या उचलायचा. उचलता उचलता बाईंना, वहिनीला, वाळूला, सगळ्यांना शिव्या घालायचा. वहिनी बाहेरून ऐकायची आणि तिला बरं वाटायचं. या पोराचा जीव त्या टेबलात आहे, हे तिला पक्कं कळून चुकलं होतं.

आणि मग समुद्र तापला. बातम्यांत सांगत होते, पाणी कधी नव्हे इतकं गरम झालंय. शेतीच्या हौदांतही तेच पाणी सोडलेलं असायचं. बेडकाने मॅडमना फोन लावला, तर त्या उचलेनात. पुन्हा लावला, तरी तेच. शेवटी तो वहिनीला म्हणाला, "तुम्ही जाऊन या. मोबाइलवर माझं टेबल घेऊन या. नुसतं टेबल हं. मध्ये बोलू नका, तुमचा आवाज ऐकून ती मरायची."

"तुझं टेबल, तुझी पोवळी, आणि रजा माझी जाणार," वहिनी म्हणाली. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. पण रजा टाकून गेली.

शेती म्हणजे एक लांबलचक शेड होती, वर हिरवी जाळी ताणलेली आणि खाली ओळीने उथळ हौद. पाण्याचा खळखळाट इतका की बोलायचं तर कानाशी जावं लागे. मॅडम दारातच भेटल्या. साठीच्या, उन्हाने रापलेल्या, डोळे सुजलेले. त्यांनी आधी वहिनीला हात कोपरापर्यंत धुवायला लावले. हाताला मलम, तेल, साबण काहीही असलेलं पोवळ्यांना चालत नाही म्हणे. वहिनी मनात म्हणाली, आमच्याकडे बाळंतिणीलाही एवढे नखरे नसतात.

"हे झाड नाही बरं का, ताई," मॅडम एका हौदापाशी थांबून म्हणाल्या. "हे जनावर आहे. ही एवढीशी तोंडं दिसतात ना, ती याची. आणि अंगात याने बारीक शेवाळ पाळलेलं असतं. ते शेवाळ याला खाऊ घालतं. रंगही त्याचाच."

वहिनीने वाकून पाहिलं. बाटलीच्या झाकणाएवढ्या सिमेंटच्या चकत्या, आणि प्रत्येकीवर एक तपकिरी, वेडावाकडा फाटा. हे काही देखणं प्रकरण नव्हतं. एवढ्यासाठी पोरगा जन्माचा लुळा झाला, असं तिच्या मनात आलंच. "बेडकाचं टेबल कुठलं?" तिने विचारलं.

मॅडमनी हाताने दाखवलं, पण पुढे झाल्या नाहीत.

शेवटच्या टेबलापाशी जाऊन वहिनी बघतच राहिली. अख्खा हौद पांढराशुभ्र. निळसर पाण्याखाली एकूण एक फाटा नुकत्याच धुतलेल्या कापडासारखा झळकत होता. बाकीच्या मळकट हौदांत हा एकच असा राजबिंडा. तिचा ऊर भरून आला. तिने जन्मभर चादरी पांढऱ्या करण्यात हाडं झिजवली होती. पांढरं म्हणजे चांगलं, हे तिच्या अंगातच मुरलेलं. "अगंबाई, किती सुरेख वाढवलीत हो माझ्या पोराने," ती म्हणाली आणि पर्समधून मोबाइल काढू लागली.

मॅडमनी तिचा हात धरला. "ताई, थांबा. ती उपाशी आहेत."

पाणी तापलं की पोवळं अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं. मग ते पांढरं पडतं. मेलेलं नसतं, पण खायला घालणारं कोणी उरत नाही. लवकर थंडावा मिळाला तर सावरतं, नाहीतर संपलं. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा वहिनीच्या हातातला मोबाइल तसाच राहिला. आपण काय बोलून बसलो या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग थंड पाण्यात टाका की," ती म्हणाली. "हे काय बघत बसण्याचं काम आहे?"

थंड पाण्याचा हौद एकच होता. मॅडमनी तो दाखवला. पाणी गार करणारं यंत्र एवढ्याशा हौदाला पुरायचं, त्याहून जास्त नाही. त्यात समुद्रातल्या ज्या पोवळ्यांपासून तुकडे काढत, त्या प्रत्येक मूळ पोवळ्याचे दोन-दोन तुकडे ठेवले होते. बाकी सगळं सोडून द्यायचं, असाच नियम. जितके वेगळे जीव तितकी आशा, कारण एकाला सोसत नाही ते दुसऱ्याला सोसतं.

"बेडकाची किती घेतलीत?"

"दोन."

"एवढ्या भरल्या टेबलातली दोन?"

"ताई, ती सगळी एकच आहेत." मॅडम खाली बघून बोलत होत्या. मूळ पोवळ्यांना पाणबुड्यांनी नावं ठेवली होती. बेडकाच्या वाट्याला दोन आली होती. एक होती खादाड. ती कापली तरी चार दिवसांत जखम भरायची. दुसरी म्हातारी. तिला कापलं की ती कितीतरी दिवस मलूल पडायची, कापलेल्या जागी चिकट पाणी गळायचं. बेडकाला ते बघवायचं नाही. त्याने म्हातारीला कधी हत्यार लावलं नाही. दर वेळी खादाडच कापली. त्याचं टेबल सगळ्यांत आधी भरायचं, पाहुणे आले की मॅडम त्यांना आधी तिथेच न्यायच्या. "मला दिसत होतं. मी बोलले नाही. भरलेलं टेबल बघायला बरं वाटायचं. एकाच जिवाचे ते शंभर तुकडे, ताई. खादाडला तापलेलं पाणी सोसलं नाही, म्हणजे कोणालाच सोसलं नाही. समुद्रात लावलेलीही तशीच गेली."

वहिनीचं डोकं फिरलं. "तुमच्या कामापायी तो पडलाय. त्याची अर्धी तरी ठेवा. दुसऱ्या कोणाची काढा."

"म्हातारीचे दोनच तुकडे आहेत या जगात माझ्याकडे. ते काढू? ती तापलेल्या पाण्यातही तपकिरी राहिलीय. समुद्रातली मूळ म्हातारी बोटीच्या नांगराने फुटली." मॅडमचा आवाज चढला नाही. "त्याला खरं सांगा. मला फोनवर धीर झाला नाही."

"सकाळी त्याला उठवून बसवतं कोण, मॅडम? मी नाही उठवत. हे टेबल उठवतं."

मॅडम यंत्राकडे काहीतरी बघायला म्हणून गेल्या, आणि वहिनीने डोळे पुसले, मोबाइल काढला, आणि थंड हौदातल्या एका कोपऱ्यातले तपकिरी फाटे जवळून टिपून घेतले. पांढरं एकही मध्ये येऊ दिलं नाही. तिला सगळे तपकिरी फाटे सारखेच वाटले. खरं तर तिला हे कळायला हवं होतं. धुलाईखान्यात कुठली चादर कुठल्या वॉर्डातली हे ती डोळे मिटून, नुसत्या हाताने ओळखायची. आणि आपला दीर आपली पोवळी ओळखणार नाही असं तिला वाटलं. माणूस घाबरला की असाच बावळट होतो.

घरी बेडूक उशीला टेकून बसला होता. "आणलंत? की नुसतीच समुद्राची हवा खाऊन आलात?"

तिने मोबाइल दिला. त्याने तो डोळ्यांजवळ धरला. संपलं की पुन्हा सुरुवातीपासून लावलं. वहिनी पाण्याचा तांब्या भरायचं निमित्त करून तिथेच घुटमळत राहिली.

"ही म्हातारी आहे," तो म्हणाला.

"काहीतरीच. तुझंच टेबल आहे. मी उभी होते ना तिथे."

"वहिनी." त्याने मोबाइल चादरीवर ठेवला. "कोणी कापली तिला? चांगली कापलीय. सावरली." त्याने मोबाइल पालथा केला. "माझी पांढरी पडली?"

तिला खोटं बोलायचं होतं, तोंडातून निघालं नाही. "दोन ठेवलीत त्यांनी," ती म्हणाली.

"दोन तरी कशाला? एक पुरे. सगळी एकच तर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामाच्या बाई आल्या, तर बेडूक म्हणाला, "आज नको." त्याच्या पुढच्या दिवशीही "आज नको." बाईंनी दटावलं, समजावलं. थोरला भाऊ कामावरून आल्यावर दारात उभा राहून जोरात बोलला, मग बाहेर जाऊन बसला. बेडकाने कोणाला शिवी घातली नाही. शेवटी वहिनीने मॅडमना फोन लावला, आणि या खेपेला त्यांनी उचलला. त्या म्हणाल्या, टेबल रिकामं आहे, त्याचंच आहे. म्हातारी वाढवायची आहे. त्याच्याइतका हलका हात माझ्याकडे कोणाचा नाही. त्याला पाठवा.

वहिनी धावतच खोलीत गेली आणि एका श्वासात सगळं सांगून टाकलं.

"मला तिला कापवत नाही," बेडूक म्हणाला. "तुम्हाला सांगितलं असेल त्यांनी."

"तू तिला जपलंस म्हणूनच ती दोन तुकड्यांवर आली," वहिनी म्हणाली. "चार वेळा कापली असतीस तर आज टेबलभर असती. तुझ्या दयेनेच बुडवलं सगळं." शब्द निघून गेले आणि तिने जीभ चावली. पण खरं होतं ते, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

बेडूक तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग यावा म्हणून ती वाट बघत होती. राग आला असता तर तिने पायच धरले असते त्या रागाचे.

"पाणी देता का जरा?" तो म्हणाला. तिने दिलं. तो प्यायला, पेला परत दिला आणि म्हणाला, "थँक्यू, वहिनी."

व्यायामाच्या बाई आता येत नाहीत. जाताना सांगून गेल्या, हात असेच पडून राहिले तर तेही आखडतील. म्हणून रोज कामाला जायच्या आधी वहिनी पलंगावर बसते आणि त्याचे हात स्वतःच वर उचलते, खाली आणते, पुन्हा उचलते. हात जड आहेत, ओल्या चादरींच्या पिळासारखे. ती मुद्दाम टोमणे मारते, त्याच्या आळसाला नावं ठेवते, मीठ नसलेली आमटी वाढते. तो हात काढून घेत नाही, नाही म्हणत नाही, आमटी संपवतो. आणि झालं की दर वेळी थँक्यू म्हणतो.