पाच शिक्क्यांचा कागद

तोत्सुका साहेबांना मी नोव्हेंबरमध्येच सांगितलं होतं, की सर्व्हरच्या कामाच्या कागदातली चौदाव्या पायरीची कमांड चुकीची आहे. साधी गोष्ट होती. पालिकेच्या इमारतीत बसून आमची कंपनी पालिकेची वेबसाइट सांभाळते, आणि तिच्या सर्व्हरवर प्रत्येक फाइलला एक सुरक्षेचं लेबल असतं. वेबसाइटचं लेबल असलेली फाइलच लोकांना दिसते. कागदात लिहिलं होतं, लेबल हाताने बदला. अहो, पण सर्व्हरकडे स्वतःची यादी असते ना! एकतिसाव्या पायरीला तो रीस्टार्ट होऊन सगळी लेबलं त्या यादीबरहुकूम पुन्हा लावतो. आधी यादीत नोंद करायला हवी, नाहीतर हाताने लावलेलं गेलंच म्हणून समजा.

"हिगाशी-सान, कागदावर मंजुरीचे पाच शिक्के झालेत," साहेब म्हणाले. "आता दोन ओळींसाठी पुन्हा पाच जणांच्या दारात जाऊ?"

"मग जा की!" असं मी म्हणायला हवं होतं. "बरं," एवढंच मी म्हणाले. माझंच थोबाड फोडावंसं वाटतं.

आमच्याकडे असं काम दोघांनी करायचं. एकाने कागदावरची ओळ मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने टाइप करायची, मग वाचणाऱ्याने पडद्यावर बोट ठेवून "बरोबर!" म्हणायचं. कागदात नसलेलं एक अक्षरही टाइप करायचं नाही. काम ठरलं त्या रविवारी मी वाचत होते आणि कुरामोची-सान टाइप करत होते. माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, दर मार्चला करार नवा होणार की नाही या धाकात जगणारा. रीस्टार्टनंतर मी म्हटलं, "पाळणाघरांच्या निकालाचं पान एकदा उघडून बघू या."

"कागदात फक्त मुख्य पान बघा असं आहे," ते म्हणाले. "उगाच कशाला अंगावर ओढवून घेतेस, बाई!"

आणि मी पुढची ओळ वाचायला घेतली.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता पालिकेच्या पाळणाघरांचे निकाल लागायचे होते. कुणाच्या मुलाला जागा मिळाली, कुणाच्या नाही. नऊ वाजून एक मिनिटाने शहरातल्या सगळ्या आयांना एकच ओळ दिसली: परवानगी नाही. फोन घणघणायला लागले. एक बाई रडत विचारत होती, "परवानगी नाही म्हणजे आमचा अर्ज फेटाळला का?" काय सांगायचं तिला? दुरुस्ती दोन मिनिटांची होती. पण दुरुस्तीच्याही कागदाला पाच शिक्के! ते मिळेपर्यंत बारा वाजले. तीन तास मी हातावर हात ठेवून बसले होते आणि आतल्या आत जळत होते.

सोमवारी पालिकेला द्यायचा अहवाल टेबलावर आला. कारण: टाइप करताना झालेली चूक. नाव: कुरामोची.

माझं डोकंच फिरलं. त्यांनी टाइप केलेलं एकूण एक अक्षर सर्व्हरवर नोंदलेलं असतं. ती नोंद छापून घेतली आणि तोत्सुका साहेबांच्या पुढ्यात आदळली.

"हे बघा! तुमचा कागद आणि ही नोंद. एका अक्षराचा तरी फरक दाखवा मला!"

साहेबांनी नोंदीकडे बघितलंसुद्धा नाही. "त्यांनी मान्य केलंय. सकाळीच ओळखपत्र ठेवून गेले. करार संपला. तुम्ही कशाला आवाज चढवताय?"

जिन्यात येऊन मी फोन लावला.

"काय हो, वेड लागलंय का तुम्हाला? न केलेली चूक कबूल करता?"

"अगं, हळू बोल," कुरामोची-सान म्हणाले. "साहेबांनी स्पष्टच विचारलं, टाइप करणारा चुकला की वाचणारी? दोघांतलं एक नाव लिहायचंच होतं. तुझी अजून तीस वर्षं नोकरी आहे."

"मी मागितली होती का ही भीक?"

"ओरड. माझ्यावर ओरडून घे हवं तेवढं."

"आणि खाणार काय तुम्ही?"

"बघू," ते म्हणाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी म्हणे बघू! 

"मी वर चाललेय. चौथ्या मजल्यावर, पालिकेच्या अधिकारी मात्सुमियाबाईंकडे."

"नको, हिगाशी! तुझीही जाईल."

"जाऊ दे!" मी फोन ठेवला.

मात्सुमियाबाई डबा उघडून बसल्या होत्या. मी वाकून नमस्कारही केला नाही. पायऱ्यांचा कागद आणि छापलेली नोंद डब्याशेजारी ठेवली.

"अहवालातलं नाव खोटं आहे. चूक आमच्या कागदातच होती. मला ती नोव्हेंबरपासून माहीत होती, आणि तरी मी ओळ वाचून बरोबर म्हटलं."

बाईंनी दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"माहीत होतं? त्या दिवशी फोनवर रडणाऱ्या बायकांना तीन तास मी सांगत होते, की काय झालंय ते कुणालाच ठाऊक नाही."

मी मान खाली घातली नाही. त्यांनी कोरा कागद आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "खरं काय झालं ते लिहा. तुमच्या नावापासून सुरुवात करा."