सुटा डोळा

"एकच डोळा मिळणार नाही," चारुदत्त सराफ म्हणाले. "जोडी येते."

"पन बायकोचा येकच बिघडलाय," गणू म्हणाला. "दुसऱ्यासाठी देवीला कशाला तरास?"

"काका, चप्पल एक मिळते का?"

गणूला ते पटलं नाही, पण दुपारी बायकोचा रिपोर्ट मिळायचा होता. चांदीचे दोन्ही डोळे खिशात टाकून तो पनवेलच्या मासळी बाजारात बायकोला न्यायला गेला.

गंगाबाईचा उजवा डोळा एवढा पुढे आला होता, की गिऱ्हाइकं पापलेट सोडून तिलाच न्याहाळत. स्कॅनमध्ये डोळ्यामागे गाठ दिसली होती. कॅन्सर निघाला तर डोळा काढावा लागणार होता.

"बाय, डोला म्हावऱ्याचा बघ, माजा नको," ती एका गिऱ्हाइकाला सांगत होती. "तशी मी पन ताजीच. भायेर आलेला डोला म्हंजे ताजा माल!"

बाई हसली. गंगाबाईचा कोयता मात्र सुरमईवर दोनदा चुकला.

"मावशी, कॅन्सर नाही," दवाखान्यात डॉक्टर याएल रोहेकरांनी पहिलंच वाक्य सांगून टाकलं.

"मंग गाठ कसली?"

"सूज आहे. शरीराची रोगाशी लढणारी पलटण चुकून स्वतःच्याच डोळ्यामागे चालून गेलीय. स्कॅनवर हुबेहूब कॅन्सर वाटतो, म्हणून गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय मी बोलत नव्हते. आता गोळ्या. बरं वाटलं तरी मनानं बंद करायच्या नाहीत."

"म्हंजे डोला काढाचा नाय?"

"नाही."

गंगाबाई नवऱ्याकडे वळली. "ऐकलास? म्हयनाभर माज्याशी गोड बोलतोस. आता बंद कर."

ओहोटीचं पाणी उतरावं तसा डोळा हळूहळू जागेवर गेला. गणूने गावदेवीला उजवा डोळा वाहिला. नवस बोलला होता तेवढाच. डावा खिशातच राहिला.

पुढच्या तपासणीला दोघं गेली तेव्हा दवाखान्यातल्या बाकावर गव्हाणचा काशिराम बसला होता. मांडीवर न उघडलेला डबा. त्याची बायको आत होती. तिच्याही डोळ्यामागे काहीतरी दिसलं होतं आणि तुकडा काढणार होते.

"कंचा डोला?" गणूने विचारलं.

"डावा."

गणूने खिशातला डोळा काढून ट्यूबलाइटखाली धरला, कोपरा नीट तपासला. "डावाच हाय. घ्या. बाजारात सुटा मिलत नाय."

"आनि कॅन्सरच निघाला तं?"

गंगाबाई सरकून जवळ आली, तिने काशिरामाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि दोन्ही डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"आदी जेव," ती म्हणाली.

काशिरामाने चांदीचा डोळा झाकणात जपून ठेवला आणि भाकरी मोडली.