सुगतची झोप कुठे गेली

सुगत दुपारचा झोपेनासा झाला आणि मैत्रीच्या मास्तरीण होण्यावरच गदा आली. अडीच वर्षांच्या पोरानं आईच्या नोकरीत आडवं यावं, हे ऐकून कुणाला हसू येईल. पण एका हातात पुस्तक धरून दुसऱ्या हातानं ज्यांनी लेकरू थोपटलंय, त्यांना येणार नाही.

भीमपूर मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, त्या गावात मैत्री ही डी.एड. झालेली सून. मागच्या वेळी मराठी शाळांची शिक्षक भरती निघाली, तेव्हा तिला नववा महिना लागला होता आणि पाय सुजून चपलेत मावत नव्हते. परीक्षा तशीच गेली. ही भरती काही दरवर्षी निघत नाही. आता ती पुन्हा निघाली होती, आणि या वेळी मैत्री सोडणार नव्हती. नवरा अमरदीप मंडल ऑफिसात कारकून, तो सकाळीच डबा घेऊन जायचा. घरकाम आटोपलं, जेवणं झाली, सुगत आडवा झाला, की उन्हं कलेपर्यंतची दुपार तिची एकटीची. बालमानसशास्त्राचं जाडजूड पुस्तक ती त्या दुपारींच्या जिवावर अर्धं संपवून बसली होती.

आणि थंडी पडायला लागली तशी त्या पोराची झोप पळाली. तीही नेमकी दुपारचीच. रात्री गडी ढाराढूर.

मैत्रीनं काय करायचं बाकी ठेवलं? तेल चोळून कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं. वरण-भात पोटभर चारला. खिडकीला चादर लावून खोलीत अंधार केला. आढ्याला लुगड्याची झोळी बांधून हात भरून येईपर्यंत झोके दिले, तर सुगतनं झोळीतून मुंडकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "आता तू बस. मी देतो." मोबाइलवर एक डॉक्टरीणबाई सांगत होत्या, की या वयात काही मुलांची दुपारची झोप सुटते, जबरदस्ती करू नये, तासभर शांत खेळायला बसवावं. मैत्रीनं वाट्या-चमचे देऊन बसवलं. अडीच वर्षांचं पोर, वाट्या आणि शांतता या तिघांचं कसं जमतं, ते डॉक्टरीणबाईंनी एकदा येऊन बघायला हवं होतं.

शेजारची बयनाबाई डोकावून म्हणाली, "नजर लागली पोराले. मीठ-मिरची ओवाळून टाक."

"आमच्या घरी ते चालत नाई, बयनाबाई," सासू सखूबाई एकदम कडाडली. "तू तुयं काम पाह्य."

बयनाबाईनं पदर तोंडाला लावला आणि निघून गेली. यात हसण्यासारखं काय आहे, हे मैत्रीला तेव्हा कळलं नाही.

सखूबाईची मदत मात्र मोठी होती. सकाळी ती नातवाला कडेवर मारून बाहेर न्यायची. विहाराच्या अंगणात पोरं खेळतात, तेवढंच त्याला मोकळं, असं म्हणायची. दुपारी मैत्री रडकुंडीला आली की म्हणायची, "दे मायाजवळ. मी निजवते." मग आतून थोपटण्याचा आवाज यायचा, थोड्या वेळानं घोरण्याचा. मैत्री आनंदानं पुस्तक उघडायची आणि दाराशी सुगत उभा दिसायचा. "आजी निजली," तो सांगायचा. आपण केलेलं काम माणूस जसं सांगतो, तसं.

एक दिवस मैत्री सुगतचे केस विंचरत होती, तर फणीत कापूस आला. सरकीसकट बोंड फुटून येतो तसला, वाळल्या पानाचा चुरा लागलेला. घरची तर बोटभरही शेती नव्हती.

"सुगत, हा कापूस कुठला रे?"

"गादीचा."

"कोणत्या गादीचा?"

"आजीच्या. वावरात. मोठी हाय," त्यानं दोन्ही हात पसरून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सासू-नातू बाहेर पडले, तशी मैत्रीनं दाराला कडी घातली आणि मागोमाग निघाली. विहार डावीकडे राहिला. सखूबाई सरळ नाला ओलांडून चंपतरावच्या वावरात शिरली. चंपतराव म्हणजे बयनाबाईचा नवरा.

मैत्री पोचली तेव्हा वेचणी रंगात आली होती. बायका कमरेला ओटी बांधून ओळीनं पुढं सरकत होत्या, आणि सगळ्यांत पुढं सखूबाई होती. अंगात अमरदीपचा जुना, लांब बाह्यांचा ऑफिसचा सदरा, ओटी फुगलेली, दोन्ही हात भराभर चाललेले. बांधावरच्या कडुलिंबाखाली वेचलेल्या कापसाचा ढीग होता. त्यात सुगत हातपाय फेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता.

मैत्रीचं डोकं फिरलं. मागच्या सगळ्या दुपारी तिला आठवल्या, आणि ती झोळीही.

"आई, हे काय होय?"

सखूबाई दचकली, पण ताठ उभी राहिली. "वेचणी होय. दिसून नाई राह्यली काय?"

"मी तिकडं पोराले निजवू निजवू मरून राह्यली, अन् तुमी त्याले रोज इथं निजवता? मंग तो दुपारी काऊन झोपंन?"

ओळीतल्या बायकांनी माना खाली घातल्या. बयनाबाई तर पऱ्हाटीच्या झाडांआड दिसेनाशीच झाली.

"अमरदीपले नोकरी लागली, तवा पयलं काय बोलला तो?" सखूबाईचा आवाज उतरला. "माय, आता दुसऱ्याच्या वावरात वाकाचं नाई. मी बरं म्हणलं. पण जलमभर हेच केलं मी. फुटलेला कापूस दिसला का हात शिवशिवतात. घरात बसून मी काय करू? तुयासारखं पुस्तक वाचू? इथं माया जोडीच्या बाया हायेत, बोलणं होते, हसणं होते. तुले सांगतलं असतं, तर तू त्याले सांगतलं असतं."

मैत्रीला राग आलाच होता, तो लगेच गेला नाही. ती ढिगाशेजारी बसली. पोराच्या केसांतला चुरा काढता काढता तिच्या ध्यानात आलं, की या घटकेला आपलं घर रिकामं आहे. रोजच या वेळेला रिकामं असतं. आणि त्या सोन्यासारख्या शांततेत आपण काय करतो, तर भांडी घासतो. मग तिला स्वतःचंच हसू आलं. पोराची झोप कुठं गेली नव्हती, सकाळी सरकली होती. मग पुस्तक तरी दुपारीच उघडलं पाहिजे असं कुठं आहे?

"उद्यापासून मी सकाळी वाचते," ती म्हणाली. "भांडी-धुणं दुपारी. हा मले मदत करंन. पण आई, चोरून नाई. आज मी त्याईले सांगणार."

सखूबाईनं ओटी सावरली आणि पुन्हा ओळीला लागली.

संध्याकाळी चहाच्या वेळी मैत्रीनं सांगून टाकलं. अमरदीपनं कप खाली ठेवला. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी त्याच वावरात निजत होतो, मैत्री," तो म्हणाला. "तसाच कापसावर. जाग आली का माय दिसे नाई. ओळीच्या पार तिकडच्या टोकाले राहे. मी रडे, अन् तिले आयकू जाये नाई. माया पोरानं तिथं निजाचं नाई. मायनंही वाकाचं नाई."

सखूबाई चुलीपुढं होती. तिनं ऐकलं. तवा तापत राहिला, भाकर हातावरच राहिली.

मैत्रीला दोघांचंही खरं वाटलं, आणि अडचण तीच होती. तो नाही म्हणाला की सासूची वेचणी गेली, आणि आपली ती रिकामी सकाळही. तरी ती डगमगली नाही. "रविवारी सोता येऊन पाहा," ती म्हणाली. "पाहून बंद करा म्हणलं, तर बंद."

रविवारी अमरदीप आला तो इस्त्रीची पँट घालून, ढांगा टाकत. मागून मैत्री, तिच्या काखेत पुस्तक. सखूबाई ओळीच्या मध्यात लेकाचा सदरा घालून उभी राहिली. ती पुढं आली नाही.

तो कडुलिंबाखाली गेला आणि सुगतला उचलायला वाकला. पोरानं डोळे अर्धवट उघडले, बापाच्या सदऱ्याची कॉलर मुठीत धरली आणि म्हणाला, "बाबा, निज." परत झोपलाही. कॉलर सोडली नाही.

मूठ सोडवावी तर पोर उठणार. अमरदीप गुडघ्यावर टेकला, मग बसला. मग कॉलर ओढली जाऊ नये म्हणून एका कुशीवर कलला. ऊन कोवळं होतं, कापूस तापून ऊबदार झाला होता. सुगतनं दुसऱ्या हातानं त्याला थोपटलं, एकदा, दोनदा. रोज दुपारी तो आजीला निजवायचा, तसंच आता बापालाही निजवलं. मंडल ऑफिसचे कारकूनसाहेब घोरायला लागले.

बायकांत खसखस पिकली. "हळू," सखूबाई दबक्या आवाजात म्हणाली. तिनं ओटी ढिगात रिकामी केली आणि झोपलेल्या लेकाकडे जरा वेळ बघत राहिली. मग आपली अर्धी वेचलेली ओळ बयनाबाईला देऊन टाकली आणि झाडाला लागून असलेली ओळ धरली. त्या ओळीला कापूस कमी होता, म्हणजे वजनावरची मजुरीही कमी, हे सगळ्यांना माहीत होतं.

"तिकडं काऊन, आई?" मैत्रीनं विचारलं.

"उठला का माय दिसली पायजे त्याले," सखूबाई म्हणाली आणि बोंडाला हात घातला.

मैत्री झाडाच्या बुंध्याला टेकून बसली आणि तिनं पुस्तक उघडलं.