कात्रीने केलेला डेटाबेस

हेडक्लार्कांची बायको रक्तदात्यांची कार्डं ठेवायची. प्रत्येकावर नाव, फोन आणि रक्तगट. रक्त लागलं की हॉस्पिटलवाले आधी तिलाच विचारत. निवृत्त झाल्यावर हेडक्लार्कांनी, "हे सगळं घरच्या कॉम्प्युटरवर चढवतो," असं जाहीर करून कार्डांची पेटी ताब्यात घेतली.

मग साधनं निवडणं आलं. एक डेटाबेस फुकट होता, पण दिसायला रुक्ष. दुसरा देखणा, पण तो उघडेपर्यंत चहा निवायचा. तिसऱ्याला जुन्या कॉम्प्युटरने उभंच केलं नाही. पसंती काही होईना.

तोवर हात रिकामे नकोत म्हणून त्यांनी कुठेसा वाचलेला नियम अमलात आणला: वेगवेगळी माहिती वेगवेगळी ठेवावी. कात्री घेऊन एकेक कार्ड कापत बसले. नावं बिस्किटांच्या डब्यात, फोन बुटांच्या खोक्यात, रक्तगट बरणीत. कोणाचं काय हे जुळवणारे क्रमांक प्रोग्राम ठरल्यावर घालायचे होते.

एका दुपारी बायको धावत आली. "अहो, ओ निगेटिव्ह बघा पटकन! बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये, हॉस्पिटलमधला साठा संपलाय."

हेडक्लार्कांनी बरणी उपडी केली. ओ निगेटिव्हच्या चिठ्ठ्या होत्या. त्या कुणाच्या, हे फक्त कात्रीला ठाऊक.

"सापडलं का?"

"शोधतोय," ते म्हणाले. कॉम्प्युटर बंद होता.

दार लोटून ते खोक्यातले फोन लावत सुटले. "नमस्कार, आपण कोण? आणि रक्तगट कुठला?"

"आधी तुम्ही कोण ते सांगा!" एका आजोबांनी झापलं. कुणी नुसताच फोन आपटला. बरेच फोन झाले, तेव्हा कुठे एक बाई म्हणाली, "ओ निगेटिव्ह. निघालेच."

बाळंतीण वाचली. संध्याकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला. बायको कौतुकाने म्हणाली, "घ्या, तुमच्या कॉम्प्युटरचे आभार मानायचेत त्यांना."

पलीकडून रडका आवाज आला, "काका, तुमच्यामुळे झालं सगळं."

"माझ्यामुळे उशीर झाला," हेडक्लार्क पुटपुटले आणि फोन ठेवला. मग डबा, खोकं, बरणी आणून त्यांनी बायकोसमोर मांडली आणि चोरासारखे उभे राहिले.

तिने तिन्हीत डोकावून पाहिलं.

"ऑफिसातही असंच करत होतात का हो?"

"तिथे कात्री शिपायाकडे असायची."

ती हसली नाही. तिने खोकं त्यांच्याकडे सरकवलं. "एकेक फोन लावा. आधी माफी मागा, मग नाव आणि रक्तगट विचारा. लिहून मी घेते."