एका बशीचं जेवण

मित्रांनो, मी एक जुनी बशी आहे, आणि तीही बिनकपाची. बिनकपाची बशी म्हणजे घरातली लांबची नातेवाईक. तिला घालवूनही देता येत नाही आणि पाहुण्यांसमोर बसवताही येत नाही. माझी कड निळी आहे. निदान मी तरी तसं समजते; इतरांना ती करडी दिसते.

माझा जन्म चिनी मातीच्या कारखान्यातला. ओली माती साच्यावर थापली, फिरवली, वाळवली आणि भट्टीत घातली. बाहेर आल्यावर एक तपासनीस बाई आम्हा प्रत्येकीला टिचकी मारून कान देत असे. आवाज खणखणीत आला तर खोक्यात, बद्द आला तर ढिगाऱ्यात. मी खणखणीत निघाले.

एका नव्या नवरीने आमचा अख्खा संच संसाराच्या पहिल्या खरेदीत उचलला. तिला पुढे सगळे काकू म्हणू लागले, म्हणून मीही काकूच म्हणते. नवरा गाद्या-उशा भरणारा आणि सोफ्यांना कापड चढवणारा. गल्लीत त्यांना उस्ताद म्हणत. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. त्यामुळे दुकानातला कापूस उडून दुधात पडायचा आणि घरातल्या कांद्याचा वास जाऊन गाद्यांत बसायचा.

"तुमच्या गादीवर गिऱ्हाईक झोपलं, की त्याला भूक लागून जाग येत असेल," काकू म्हणायच्या.

"आणि तुझं दूध प्यायलं, की माणूस आतून मऊ होत असेल," उस्ताद म्हणायचे.

काय दिवस होते ते. उस्ताद कपातला चहा माझ्यात ओतायचे, फुंकर मारायचे आणि असा फुरका मारायचे की पडद्यापलीकडचं गिऱ्हाईक हसायचं. जेवण तर पाहण्यासारखं. कापड बेतायच्या लांब टेबलाभोवती सगळे कारागीर बसत आणि उस्तादांचं ताट सगळ्यांच्या आधी साफ होई. घास तोंडात कधी गेला आणि खाली कधी उतरला, याचा पत्ता त्या घासालाही लागत नसावा. त्यांची थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणत, ती नेहमी म्हणायची, "आईने याला गिळायला शिकवलं. चावायला शिकवणार, तेवढ्यात माझं लग्न निघालं."

काकू मात्र खूश असायच्या. त्यांची माया तोंडाने फार बोलत नसे, डावाने बोलत असे. कोण कसं आहे हे त्या चेहऱ्यावरून नाही, ताटावरून ठरवायच्या. ताट रिकामं परत आलं की माणूस ठीक, अन्न उरलं की काहीतरी बिनसलंय. साधा हिशेब, आणि अनेक वर्षं तो बरोबर यायचा.

माझा कप गेला तो एका जुन्या सोफ्यामुळे. उस्तादांनी सोफ्याचं पोट उसवलं आणि आतली स्प्रिंग सुटून थेट कपावर आली. कप गेला, मी राहिले. मग काही दिवस मी दुधावर झाकण होते, काही दिवस साबणाखाली होते आणि शेवटी दुकानात गेले. तिथे माझ्यात बारके खिळे आणि कापडावर खुणा करायचे खडू ठेवू लागले. ज्या ओठांनी माझ्यातून चहा प्यायला, त्याच ओठांत आता माझ्यातले खिळे धरलेले दिसायचे. तेवढंच काय ते जुनं नातं.

त्या टेबलावरूनच मी उस्तादांचं बिनसलेलं पाहिलं. आधी पाव अडकू लागला. ते म्हणाले, पाव शिळा आहे. मग भात अडकला, तेव्हा भाताला दोष दिला. प्रत्येक घासामागे पाणी लागू लागलं आणि त्यांचं ताट सगळ्यांच्या शेवटी साफ होऊ लागलं, मग साफ होईनासंच झालं. काकूंनी भाजीत तेल वाढवलं. परगावी नोकरी करणारी लेक सुट्टीवर आली, तिने बापाला एकदा जेवताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी हाताला धरून दवाखान्यात नेलं. अन्ननलिकेचा कर्करोग निघाला.

आधी औषधांचे दिवस गेले, मग ऑपरेशन. दुकानाला कुलूप, माझ्यावर धूळ. पुढे एकदा कुलूप निघालं, तेव्हा लेक अक्काला समजावून सांगत होती. "अन्ननलिका बरीचशी काढलीय, आत्या. मग जठर वर ओढून छातीत नेलं आणि राहिलेल्या तुकड्याला जोडलं."

अक्काने थोडा विचार केला. "म्हणजे पोट आता छातीत?"

"तसंच समज."

"मग पोटाच्या जागी काय ठेवलंय?"

"काही नाही गं."

"बरं झालं. भाड्याने देता येईल."

हसता हसता अक्काने पदर डोळ्यांना लावला. लेक मात्र काहीतरी शोधत होती. घरातली सगळी ताटं तिला मोठी वाटत होती. छातीत नेलेलं जठर आता पिशवीसारखं राहिलं नव्हतं, नळीसारखं झालं होतं. त्यात थोडंच मावणार होतं. जास्त गेलं किंवा भराभर गेलं, की सगळं एकदम आतड्यात घसरणार. मग घाम, धडधड, पोटात मुरडा. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी बजावलं होतं: दिवसातून अनेकदा जेवा, पण एका वेळी एक बशी. सावकाश चावा. पाणी जेवताना नको, नंतर.

लेकीची नजर माझ्यावर पडली. तिने माझ्यातले खिळे डब्यात ओतले, मला गरम पाण्याने घासलं आणि पुसून स्वयंपाकघरात ठेवलं. मित्रांनो, ज्या ताटांनी मला एवढी वर्षं तुच्छ लेखलं, ती सगळी फळीवर राहिली आणि मी टेबलावर आले. मी फुशारले नाही असं म्हणणार नाही.

उस्ताद अर्धे होऊन घरी आले होते. सदरा खांद्यावर टांगल्यासारखा. पोटाला बाजूने लावलेली अन्नाची नळी नुकतीच काढली होती आणि त्या नळीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. "मी काय दिवा आहे, माझ्यात तेल ओतायला?" ते म्हणायचे. सपाट झोपलं की आंबट पाणी घशाशी यायचं, म्हणून त्यांनी फोमचा जाड ठोकळा उतरता कापून स्वतःसाठी उशी केली. "जन्मभर लोकांना आडवं केलं," ते म्हणाले, "आता मीच बसून झोपतोय."

सुरुवातीला ठीक चाललं. मग लेक नोकरीच्या गावी परतली आणि काकूंचा डाव मोकळा झाला.

काकूंनी नियम मोडला नाही, हे मी शपथेवर सांगेन. एक बशी म्हणजे एकच बशी. पण त्या बशीत भात चमच्याने दाबायच्या. त्यावर उकडलेलं अंडं कुस्करून पुन्हा दाबायच्या. त्यावर बटाटा. मग हाताने चारी बाजूंनी नीट करून असा घुमट उभा करायच्या की मलाच धाप लागायची. नाव एका बशीचं, जेवण दोन बशांचं.

उस्ताद ते खायचे. समोर काकू बसलेल्या, नजर माझ्यावर. कसा नाही म्हणणार माणूस? जेवण झाल्यावर थोड्या वेळाने ते "जरा टेकतो" म्हणून दुकानात जायचे. कपाळावर घाम, हात छातीवर, आणि मग मोरीकडे धाव. परत येऊन म्हणायचे, "छान झालं होतं." वजन उतरत गेलं. वजन उतरलं म्हणून काकूंनी घुमट उंच केला. घुमट उंच झाला म्हणून वजन आणखी उतरलं. तपासणीत डॉक्टरांनी काटा पाहिला आणि म्हणाले, पुढच्या वेळेपर्यंत हे थांबलं नाही, तर पुन्हा नळी लावावी लागेल. घरी आल्यावर हे शब्द त्या दोघांनी माझ्यासमोरच एकमेकांना सांगितले, जणू दुसऱ्याने ते ऐकलेच नव्हते.

त्या दिवसापासून उस्तादांना अन्नाची भीती वाटू लागली. खाल्लं तर हाल, न खाल्लं तर नळी. मग त्यांनी आपली वाट काढली. "मी दुकानातच खातो, हात चालू राहतात," असं सांगून ते मला पडद्यापलीकडे नेऊ लागले. तिथे शिवणयंत्राखाली गल्लीतला एक पिवळा बोका येऊन बसायचा. दोनतीन चमचे उस्ताद खायचे, उरलेला घुमट बोका उतरवायचा. मी रिकामी होऊन घरात जायचे. काकू मला धुताना गुणगुणायच्या. गिळताही येत नाही आणि सांगताही येत नाही, अशी माझी गत.

बोक्याच्या अंगावर मात्र तेज चढलं. पोट जमिनीला लागू लागलं. एका दुपारी काकू विसरलेला चमचा द्यायला म्हणून पडदा सारून आल्या. उस्तादांनी मला खाली धरलं होतं आणि बोका माझ्यात तोंड घालून निवांत जेवत होता.

काकूंना पाहूनही बोका थांबला नाही.

"याचंही ऑपरेशन झालंय का?" काकूंनी विचारलं.

उस्ताद मान खाली घालून म्हणाले, "त्याचं जठर जागेवर आहे. त्याला सोसतं."

"आणि मी मूर्ख, रिकामी बशी बघून देवाचे आभार मानतेय. तुम्ही वाळत चाललात माझ्या डोळ्यांदेखत, आणि खातोय मात्र हा मेला."

"अगं, खाल्लं की जीव जायची पाळी येते. घाम फुटतो. काळीज उडतं. तुला कसं सांगू?"

"तोंडाने सांगायचं. ते तर जागेवर आहे ना?"

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी माझ्यातला उरलेला गोळा एका कागदावर काढला आणि चमच्याच्या टोकाने हळूहळू सोडवायला सुरुवात केली, जसा ते गादीतला दबलेला कापूस बोटांनी सोडवायचे. गोळा पसरत गेला, पसरत गेला आणि कागद भरला. बोक्याने अर्धा खाऊनही तो एका बशीहून जास्त होता.

काकू बघत राहिल्या.

"इतकं ठासून मी उशीतही भरत नाही," उस्ताद म्हणाले. "शिवण उसवते."

काकू तिथेच, अर्धवट भरलेल्या गादीवर बसल्या. म्हणाल्या, "मला दुसरं काय येतं हो? तुम्ही आजारी पडलात, तर मी वाढायचं पण नाही?"

"वाढ की. पण मी पुरे म्हटलं की थांब. आणि मीही खोटं छान म्हणणार नाही."

"आणि हा?" काकूंनी बोक्याकडे बोट दाखवलं.

"त्याला पण हळूहळू कमी करू. एकदम तोडलं तर त्याला नळी लागेल."

आता मात्र काकूंना हसू आवरेना.

मित्रांनो, त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं मी सांगणार नाही. आजही काही दिवस वाईट जातात. कधी घास छातीशी रेंगाळतो, कधी गोडाचा एक तुकडा दुपार खराब करतो. पण बशीत अन्न आता मोकळं पडतं. पुढच्या तपासणीत काटा होता तिथेच उभा राहिला, आणि डॉक्टर म्हणाले, नळी नको. उस्ताद पुन्हा घरातल्या टेबलाशी जेवायला बसू लागले.

मागच्या सुट्टीत लेक आली, अक्काही आली. सगळ्यांची ताटं, आणि उस्तादांपुढे मी. सगळे जेवून गप्पा मारू लागले, तरी उस्ताद अजून चावत होते. मग त्यांनी चमचा ठेवला. माझ्यात दोन घास उरले होते.

"पुरे," ते म्हणाले.

"एवढंसं?" अक्का म्हणाली. "अरे, एवढ्याने माझा दातही भरत नाही. थांब, एक चमचा." आणि तिने डाव उचलला.

मित्रांनो, एवढ्या वर्षांत मी खिळे झेलले, साबण झेलला, बोक्याची खरखरीत जीभही झेलली. माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात कुणी आजारातून उठलं असेल, तर त्याला प्रेमाने वाढा, पण त्याचं पोट त्यालाच मोजू द्या. त्याने पुरे म्हटलं की त्यावर विश्वास ठेवा.

अक्काचा डाव माझ्यापर्यंत पोचलाच नाही. काकूंनी आपला तळहात माझ्यावर आडवा धरला होता.

"पुरे म्हणालेत ते, अक्का," त्या म्हणाल्या, आणि हात तसाच ठेवून लेकीला अर्धी राहिलेली गोष्ट पुढे सांगू लागल्या.