काळ्या पडद्याची नोंद

आमच्या वाचनालयात सहा संगणक. पाच खिडकीच्या रांगेत, सहावा कोपऱ्यात. हा सहावा बोलतो. पडद्यावरचा मजकूर हेडफोनमधून वाचून दाखवतो, म्हणजे दृष्टी नसलेल्यांनाही काम करता यावं. तो वरच्या कार्यालयाकडून तीन महिन्यांच्या बोलीवर आला होता. वापर दिसला तर राहणार, नाही तर परत जाणार.

वापराची वही माझ्याकडे. रोज दुपारी दोन ते तीन माझं मौन असतं, बरीच वर्षं पाळतेय. त्या वेळात बोलावं लागू नये म्हणून संगणक बघत फिरायची ही फेरी मीच मागून घेतली होती. पडदा उजळलेला दिसला की 'सुरू', काळा दिसला की 'बंद'.

सहाव्यापुढे रोज ऑपरेटरबाई असायच्या. इस्पितळाच्या टेलिफोनवर तीस वर्षं काढलेल्या, जन्मापासून अंध. कानांना हेडफोन, हात मेजाखालच्या सरकत्या फळीवर, पडदा काळा. मला वाटायचं, गाणी ऐकत गारव्याला बसतात. बसू देत बिचाऱ्या. वहीत 'बंद'.

तिसरा महिना संपत आला तेव्हा एका दुपारी अडीचला ग्रंथपाल साहेब वही घेऊन कोपऱ्यात आले. मी फेरीवरच होते.

"बाई, उद्यापासून दुसरी खुर्ची बघा. हे यंत्र परत पाठवतोय. एक दिवससुद्धा कुणी वापरलं नाही."

बाईंनी हेडफोन उतरवला. "मग मी मुलीला पत्र कुठून लिहू?"

"पत्र?"

"रोज लिहिते की! हा पोपट वाचतो, मी टंकते."

"अहो, पण हा तर बंद आहे."

"पडदा बंद आहे, साहेब. तो चालू ठेवून काय करू, त्यात तोंड बघू?" बाई हसल्या, मग हळू आवाजात म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी सकाळी मागे कुणी तरी वाचत उभं होतं. जाताना म्हणतंय कसं, जावयाला लागली का हो नोकरी? तेव्हापासून विझवून बसते. आधी शेजारीण पत्रं लिहून द्यायची, आलेली वाचायची. मुलीची बातमी गल्लीला आधी, मला मागाहून. हे तीन महिने आम्हा मायलेकींचं आमच्यातच राहिलं. ते तेवढं काढून घेऊ नका."

साहेबांनी वही उघडून पाहिली. "मला पटतंय हो. पण वर लेखी नोंद गेली की तुमचं-माझं कोण ऐकतो?" आणि यंत्र न्यायला सांगण्यासाठी ते फोनकडे वळले.

तीन वाजायला अजून पंचवीस मिनिटं होती. तोवर फोन होऊन गेला असता.

"साहेब, ती नोंद खोटी आहे. मी केली आहे."

साहेब जागच्या जागी थांबले. "ताई, तुम्ही? या वेळेला?"

"रोज माझ्या मागून चपला वाजत जातात, त्या ह्याच का?" बाई म्हणाल्या. "मला वाटलं, पंखे बघणारा माणूस. अहो, एकदा विचारायचंत तरी!"

"माझं मौन असतं."

"आणि मला दिसत नाही. छान जोडी जमली!"

साहेबांना हसू आवरेना. मला मात्र रडू येत होतं. जवळजवळ तीन महिने एका जागत्या माणसापुढे मी 'बंद' लिहीत गेले होते.

साहेबांनी ते लेखी मागितलं. मी तिथेच बसून लिहिलं : मी फक्त पाहिलं, विचारलं नाही, यंत्र रोज वापरात होतं. खाली सही केली. वरून आणखी तीन महिन्यांची मुदत मिळाली, नोंद विचारून घ्यावी या अटीवर.

त्या दिवशीची मोडलेली पंचवीस मिनिटं मी घरी जाऊन पुरी केली. दुसऱ्या दिवसापासून मौन पहाटेवर नेलं. आता दुपारच्या फेरीत कोपऱ्यापाशी थांबते आणि विचारते, "बाई, सुरू?"

"सुरू," त्या मान न वळवता म्हणतात. "लिहा आणि पुढे व्हा."